नाव ठेवणे

नावं ठेवण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. जावयापासून आमटीपर्यंत आम्ही कशालाही नावं ठेवतो. पण घरात चार वर्षं नांदणाऱ्या कॉम्प्युटरला नाव असतं, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. परवा प्रिंटर त्याच्याशी अबोला धरून बसला म्हणून भाचीला फोन केला, तर तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, तुमच्या कॉम्प्युटरचं नाव काय?"

मी सौ.कडे पाहिलं. सौ.नं छताकडे पाहिलं. बारसं आम्ही केलंच नव्हतं.

भाचीनं मला पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावली आणि तीत ‘होस्टनेम’ असं टाइप करायला सांगितलं. उत्तर आलं : ‘डेस्कटॉप’, मग एक आडवी रेघ आणि पुढे सात अक्षर-आकड्यांचं कडबोळं. कैद्याचा बिल्लासुद्धा याहून सुटसुटीत असेल. मग ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केल्यावर पत्ता कळला : १९२.१६८.१.५. मला फार बरं वाटलं. या अफाट पसाऱ्यात आपली म्हणून एक जागा आहे तर! तो आकडा कागदावर उतरवून मी संध्याकाळी कट्ट्यावरच्या मित्राला ऐटीत दाखवला. त्यानं घरी जाऊन आपला पाहिला. त्याचाही पत्ता तोच!

"एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं?" मी फोनवर भाचीवर उखडलो.

"मामा, तो घरातल्या घरात हाक मारायचा पत्ता. घरोघरी एक बाळू असतो ना, तसा." १९९६ सालच्या नियमाप्रमाणे असे काही आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत म्हणे. बाहेरच्या जगाला दिसतो तो एकच पत्ता, राउटरचा. वाड्याच्या दिंडी दरवाजासारखा. तोही बहुधा भाड्याचा, उद्या बदलू शकणारा. जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते मिळून भरतात जेमतेम ४२९ कोटी. ते पुरणार कसे? शिवाय प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला १२७.०.०.१ या आकड्यानं ओळखतो, आणि हा आकडा झाडून साऱ्यांचा एकच. अद्वैत सिद्ध करायला शंकराचार्यांना भाष्यं लिहावी लागली. इथं चार आकड्यांत काम भागलं.

भाची आता शिकवायच्या भरात आली होती. १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटच्या पत्त्यांचे नियम संपादित केले, त्यांत तीन गोष्टी निरनिराळ्या मानल्या आहेत : कोण हवंय ते नाव, कुठे आहे तो पत्ता, आणि कसं जायचं ती वाट. पूर्वी साऱ्या कॉम्प्युटरांची नावं-पत्ते एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची मंडळी ती सांभाळत. गावाच्या पोस्टमनला प्रत्येक उंबरा ठाऊक असावा तशी. पुढे गाव फुगलं, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली : सगळं एकट्यानं ठाऊक ठेवायचं नाही, आपल्याला ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे बोट दाखवायचं. नाक्यावरचा पानवाला दुसरं काय करतो?

"आणि गंमत म्हणजे," भाची म्हणाली, "‘या नावाचं इथं कोणी नाही’ असं ठरवायचा अधिकार फक्त त्या हद्दीची नोंद ठेवणाऱ्यालाच असतो. बाकीच्यांनी फार तर त्याचं उत्तर पोचवायचं. मनानं सांगायचं नाही."

इथं माझ्या घशाखाली चहा उतरेना.

कोणाला सांगितलं नव्हतं, पण गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात कापडी पिशवी. एका मास्तरांचं नाव घेऊन म्हणाले, "इथंच राहतात ना?" फ्लॅटचा नंबर त्यांना ठाऊक नव्हता. मी घाईत होतो. छातीठोकपणे सांगून टाकलं, "असं कोणी इथं राहत नाही." ते "बरं" म्हणाले आणि उन्हात चालू लागले.

आठ दिवसांनी लिफ्ट बंद पडली म्हणून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पाटी दिसली. तेच नाव. सहा वर्षं मी त्या गृहस्थांना ‘२०३वाले’ समजून नमस्कार करत आलो होतो! पाटी वाचली आणि चोरासारखा वर निघून गेलो. पत्ता मला पाठ होता, नाव त्या म्हाताऱ्यांना. मधली वाट तेवढी मी सांगायची होती.

भाचीचा फोन ठेवला आणि जिन्यानं खाली जाऊन २०३ची बेल दाबली. सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पिशवी कापडी होती? मग तोच." जरा थांबून म्हणाले, "मोबाइल वापरत नाही तो. पत्रच टाकायला हवं."

"टाका," मी म्हटलं, "आणि त्यात लिहा, फाटकाशी आलं की माझं नाव सांगायचं. दारापर्यंत मी आणून सोडीन."

मास्तर हसले. म्हणाले, "लिहितो. पण तुमचं नाव काय?"

प्रिंटर अजून रुसलेलाच आहे. कॉम्प्युटरचं बारसंही व्हायचंय. सध्या जिन्यातल्या पाट्या वाचून काढतोय. तिसऱ्या मजल्यापर्यंत आलोय.