चूक झाली की मी चुकले?

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका खेड्यात मी एकवीस वर्षं बालवाडी चालवली. निम्मी घरं मराठी, निम्मी कानडी. मराठी मुलं मला बाई म्हणत, कानडी मुलं अक्कोर. १९९८च्या पावसाळ्यात एक साडेतीन वर्षांचा मुलगा समोरच्या ताटलीकडे बघून ‘ब्याड’, म्हणजे नको, म्हणाला. मी आग्रह केला, पुन्हा ‘ब्याड’. तिसऱ्यांदा त्यानं ताटली ढकलली आणि उसळ जमिनीवर सांडली. मी ओरडले. नुसती ओरडून थांबले नाही, दंडाला धरून त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाकीची मुलं एकदम चिडीचूप. ती शांतता मला त्या वेळी शिस्त वाटली.

दुपारी त्याला न्यायला आलेली आजी सहज बोलून गेली, रात्रभर पोराला ओकाऱ्या होत होत्या. आईला वखारीत तंबाखूच्या कामावर जायचं होतं, म्हणून धाडलं.

माझ्या तोंडून आपोआप गेलं, ‘तप्पायितु’. आजी म्हणाली, ‘बिडरी अक्कोर.’ जाऊ द्या. दोन मोठ्या बायकांमध्ये विषय मिटला. ज्याच्यावर मी ओरडले होते तो आजीचं बोट धरून शेजारी उभा होता, आणि त्याच्याशी कुणी काहीच बोललं नव्हतं.

त्या रात्री त्या शब्दानं मला झोपू दिलं नाही. तप्पायितु म्हणजे चूक झाली. दोन्ही भाषांत ही सोय सारखीच आहे. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. करणारी कुठे दिसतच नाही. सीमेवरून आम्ही दोन्हीकडची माणसं इतकी वर्षं भांडलो, पण कबुलीतून स्वतःला अलगद काढून घेण्याची ही तऱ्हा मात्र दोघांची एकच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. ओरडले होते सगळ्यांदेखत, म्हणून सगळ्यांदेखतच म्हणाले, ‘नानु तप्पु माडिदे.’ मी चूक केली. तुला बरं नव्हतं आणि मी विचारलं नाही. मराठी मुलांसाठी तेच मराठीत सांगितलं. तो काही बोलला नाही. माझ्याजवळ येऊन बसला तो चौथ्या दिवशी.

आज हे लिहिते आहे ते अंगणवाडीतल्या माझ्या बहिणींसाठी. आदिवासी पाड्यांच्या अंगणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं गोळा केली, त्या कामातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूरकडच्या टी. नरसीपुरात होता. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला नोकर मानायचं की स्वयंसेविका, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं अमीरबी खटल्यात, म्हणजे कर्नाटकाच्याच खटल्यात, ती सरकारी पदावर नाही असं ठरवलं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे त्याच न्यायालयानं सांगायला २०२२चा एप्रिल उजाडला. केंद्राचं मानधन २०१८मध्ये वाढलं ते सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनीस बाईला २,२५० रुपये. राज्याची भर वेगळी. मार्च २०१७मध्ये या बाया हजारोंनी बेंगळुरूच्या रस्त्यावर दिवसरात्र बसल्या होत्या, तेव्हा कुठे सरकार बोलायला आलं.

आवाज उठवणं निपाणीला नवं नाही. १९८०च्या सुमारास इथल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायका संपावर उतरल्या. दीपा धनराज आणि युगांतर गटानं १९८२मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. त्या बायकांच्या लेकी-सुनांची मुलं माझ्याकडे आली. म्हणून मोर्चातल्या बाईची बाजू मला कुणी समजावून द्यायला नको. ती बरोबर आहे.

पण उठवलेला आवाज वर पोचला नाही की तो खाली, मुलांवर चढतो, हेही मी पाहिलं आहे. खोलीत वीस-पंचवीस मुलं, पोषण ट्रॅकर ॲप भरायचं बाकी, मदतनीस रजेवर, आणि समोर कुणीतरी चड्डी ओली केलेली. अशा वेळी चढलेल्या आवाजाचं कारण मला कळतं. तरी त्या कारणाची किंमत त्या लेकरानं का मोजावी? शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं, पण तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. ज्यांना घरी जाऊन धड सांगताही येत नाही, ती त्या कलमाच्या बाहेरच राहिली.

मार, इजा, लपवाछपवी यांबद्दल मी बोलत नाही. तिथे तक्रारच व्हायला हवी. मी बोलते आहे रोजच्या चढलेल्या आवाजाबद्दल. तो कबूल करायला आज जागाच नाही. बाई खरं बोलली तर तिच्या हाती कारणे दाखवा नोटीस. तिचं उत्तरही ठरलेलं, ‘अनवधानाने चूक झाली.’ पुन्हा तेच, करणारीशिवायचं वाक्य. नोटीस देणारं खातंही कधी ‘आम्ही चुकलो’ म्हणत नाही. मागच्या काही वर्षांत या खात्याच्या मंत्री आमच्याच मुलखातल्या होत्या, आधी निपाणीच्या शशिकला जोल्ले, नंतर बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर. म्हणून हे मागणं हक्कानं इथूनच करते. महिन्याच्या बैठकीत अर्धा तास असा ठेवा, ज्यात बोललेलं कुठल्याच रजिस्टरात जाणार नाही आणि सुरुवात सुपरवायझर बाईंनी स्वतःपासून करायची. आणि संघटनांनी मानधनाच्या मागणीशेजारीच हीही मागणी लिहावी. त्यानं लढा दुबळा होईल, असं काहीजणी मला म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. जी बाई साडेतीन वर्षांच्या मुलासमोर ‘मी चुकले’ म्हणू शकते, तिला मंत्र्यासमोर ‘तुम्ही चुकलात’ म्हणायला कुणाची भीती वाटणार?

त्या पावसाळ्यानंतर मी ओरडायची पूर्ण थांबले असं नाही. दिवाळीच्या आधी एकदा पणत्या रंगवताना रंगाची वाटी लवंडली आणि माझा आवाज चढायला लागला. तेव्हा एक मराठी मुलगी हातातला ब्रश न सोडता म्हणाली, ‘बाई, उद्या परत चुकलं म्हणाय लागंल तुमाला.’

मी वाटी उचलली आणि फडकं आणायला गेले.