डब्यांतलें बळ

गेल्या श्रावणांत आमची धाकटी बहीण पिशवींत एक डबा घालून आमच्याकडे आली. तिच्या मुलाच्या पुस्तकांच्या कपाटामागें तो तिला सांपडला होता. डबा आमच्या मेजावर ठेवून ती म्हणाली, "दादा, हें मांस आहे कीं औषध? आणि तो हें खातो याचें पाप कोणाच्या माथीं?" डब्यावर 'क्रिएटिन' असें नांव होतें. चिरंजीव कॉलेजच्या व्यायामशाळेंत वजनें उचलतात व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उतरण्याची उमेद बाळगतात, हें आम्हांस ठाऊक होतें. आमचा विषय तर्कशास्त्र. रसायनाशीं आमचा संबंध चहापुरता. तरी प्रश्न पापपुण्याचा असल्यामुळें तो आमच्या हद्दींत येतो, असें समजून आम्हीं कांहीं वाचन केलें.

तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें निघालें. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञानें 1832 सालीं हा पदार्थ मांसांतून वेगळा काढला व मांसाच्या ग्रीक नांवावरून त्यास नांव दिलें. पुढें 1847 सालीं लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानें नमूद केलें कीं, पारध करून मारलेल्या रानटी कोल्ह्यांच्या मांसांत तो पिंजऱ्यांतील कोल्ह्यांपेक्षां कितीतरी अधिक असतो. परंतु आज बाजारांत मिळणारी पूड कारखान्यांत रासायनिक क्रियेनें तयार होते. तींत कोणत्याहि प्राण्याचा अंश नसतो. शिवाय आपलें शरीर स्वतःच रोज सुमारें एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतें, आणि त्याचा बहुतेक सांठा स्नायूंत राहतो. जड वजन उचलतांना स्नायूंतील तयार शक्ति कांहीं सेकंदांतच सरते. ती झटपट भरून काढण्याचें काम हा पदार्थ करतो. 1992 सालीं हॅरिस, सोडरलुंड व हुल्टमन यांनीं दाखविलें कीं, तो पोटांत घेतल्यानें स्नायूंतील सांठा वाढतो. रोज तीन ते पांच ग्रॅम पुरे होतात. म्हणजे जो आठ वेळां वजन उचलूं शकतो, तो कदाचित् नऊ वेळां उचलील. ती नववी खेप मात्र त्यालाच उचलावी लागते. अंथरुणावर लोळून पूड खाणाऱ्याचे दंड कांहीं फुगत नाहींत. (सुश्रुतानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे; आमच्या भाच्यानें तें वाचलें असतें तर प्रश्नच मिटला असता.)

"पण हें आयतें बळ नव्हे का?" बहिणीचा हा आक्षेप वरवर पाहतां सबळ दिसतो. तालमींतला पैलवान दूध, तूप व बदाम खातो, त्यास कोणी आयतेपणाचा दोष देत नाहीं. अॅरिस्टॉटलनें मध्यम मार्ग समजावतांना मल्ल मायलोचेंच उदाहरण घेतलें: जें अन्न मायलोला अपुरें, तेंच नवशिक्याला अति. मापें माणसागणिक वेगळीं असतात, हें तो जाणून होता. आणि येथें तर आक्षेप उलटाच पडतो. मांस-मासळी खाणाऱ्यास हा पदार्थ जेवणांतूनच मिळतो. शाकाहारी घरांतल्या मुलाच्या स्नायूंत तो मुळांत कमी असतो, म्हणून पुडीचा गुण त्यास बहुधा अधिक येतो. जें एकाच्या ताटांत रोज असतें, तें दुसऱ्यानें चमच्यानें घेतलें तर अन्याय कोठें झाला? आतां हेंहि कबूल करूं कीं, हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं दोन पेले चहा घेतला आहे. चहा-कॉफींतील कॅफीन अमुक मर्यादेबाहेर घेणें खेळाडूंस 2004 सालापर्यंत निषिद्ध होतें. नंतर तें यादींतून वगळलें गेलें. प्राध्यापकांस अशी मर्यादा कधींच नव्हती.

तर मग सीमा कोठें आंखावी? नैसर्गिक तें चांगलें व कृत्रिम तें वाईट, हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. धोतरा नैसर्गिकच आहे. श्रमाच्या जागीं औषध येतें म्हणून तें वाईट, हेंहि पुरत नाहीं. 1988 सालीं सेऊल येथें बेन जॉन्सनचें सुवर्णपदक स्टॅनोझोलॉलमुळें काढून घेतलें गेलें. पण तो श्रम करीत नव्हता असें कोण म्हणेल? आमच्या मतें खरा दोष जबरीचा आहे. देहास अपाय करणारें औषध एकानें घेतलें म्हणजे उरलेल्यांपुढें दोनच वाटा राहतात, देह विकावा किंवा मैदान सोडावें. निरोगी माणसानें बेतानें घेतलेल्या क्रिएटिनबद्दल असा अपाय आढळलेला नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानें मात्र डॉक्टरास विचारावें.

या वाचनांत एका प्रयोगानें आम्हांस फार वेळ अडवून धरलें. 1972 सालीं एरियल व सॅव्हिल यांनीं वजनें उचलणाऱ्या कांहीं तरुणांस स्टेरॉइड देत असल्याचें सांगून निव्वळ निरुपयोगी गोळ्या दिल्या, आणि तरुणांचें बळ एरवींपेक्षां झपाट्यानें वाढलें! तें वजन कोणीं उचललें म्हणावें? गोळींत कांहीं नव्हतें; म्हणजे बळ मुलांचेंच होतें, पण तें बाहेर काढावयास एक असत्य लागलें. मंद विद्यार्थ्यास "तूं सहज पास होशील" असें आम्ही तीस वर्षें सांगत आलों आहों, त्याची या निमित्तानें आठवण झाली. त्यांतले कांहीं पासहि झाले.

पण डबा निराळ्याच कारणानें आम्हांस खटकत राहिला. 2000 व 2001 सालीं तेरा देशांतून विकत घेतलेल्या 634 पूरक पदार्थांची कोलोन येथें तपासणी झाली. त्यांपैकीं 94 पदार्थांत वेष्टनावर न लिहिलेले, स्टेरॉइडांच्या जातीचे निषिद्ध पदार्थ सांपडले. आणि खेळाचा नियम असा कीं, खेळाडूच्या शरीरांत जें सांपडेल त्याची जबाबदारी त्याचीच. अजाणतां घेतलें ही सबब शिक्षा हलकी करील, दोष पुसणार नाहीं. हेतूवरून कर्माची पारख करण्याची संवय असलेल्या आम्हांस हा नियम कठोर वाटला. पण दुसरा नियम सुचवा म्हटलें तर सुचत नाहीं, कारण प्रत्येकजण अजाणताच म्हणेल.

भाच्यास बोलावून हें सर्व सांगितलें. पुडी तपासून घेतलेलीच आणावी, हें त्यानें मान्य केलें.

"मग कपाटामागें कां ठेवलीस?"

"मामा, तुम्ही सांगितलें म्हणून आईला पटलें. मीं सांगितलें असतें तर तिनें डबा फेकला असता."

"आणि पैसे?"

यावर तो बराच वेळ गप्प बसला. पैसे सहामाही पुस्तकांचे होते.

डबा आतां बहिणीच्या स्वयंपाकघरांत दाण्याच्या कुटाशेजारीं असतो. चमचा ती स्वतः सुरीनें सपाट करून देते. पुस्तकें मात्र अजून घ्यावयाचीं आहेत.