मानीव दिनांक

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज आज सुखवस्तू वस्ती, विद्यालये आणि गजबजलेला बाजार यांसाठी ओळखले जाते. या भागाची जुनी ओळख मात्र लष्करी आहे. कोलकाता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी असताना गव्हर्नर जनरलच्या अंगरक्षक घोडदळाचा तळ येथे होता आणि बालीगंज मैदानाची छावणी आजही लष्कराकडेच आहे. छावणी म्हटले की कवायत, शस्त्रे आणि शौर्य डोळ्यांपुढे येते. त्याच छावणीत कागदांचेही एक शांत जग नांदत असते, याचा सहसा विसर पडतो. भरतीचा दिनांक, प्रशिक्षण, वैद्यकीय श्रेणी, गोपनीय अहवाल, रजा, बदली, बढती: सैनिकाचे अवघे आयुष्य या नोंदींवर उभे असते. रणांगणावर तो कसा वागला हे काही मोजक्यांना ठाऊक असते. राज्यसंस्थेला तो ठाऊक असतो तो त्याच्या नोंदींतून. म्हणूनच एखादी नोंद चुकली, किंवा वेळेवर झालीच नाही, तर त्या चुकीचे नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. किल्ल्याचा हवालदार आणि प्रांताचा सुभेदार मराठी राज्यकारभारात होतेच. आजच्या भारतीय सेनेत हेच शब्द शिपायाच्या चढत्या वाटेवरचे टप्पे झाले आहेत. या वाटेवर प्रत्येक पायरीला पात्रतेच्या अटी असतात आणि जागा मोजक्या असतात. ज्येष्ठतेच्या यादीतील क्रमाला म्हणूनच फार महत्त्व येते. एखादा अहवाल वेळेवर पोहोचला नाही, बदलीच्या धांदलीत एखादे प्रमाणपत्र जुन्या पलटणीतच राहिले, किंवा यादी करताना एक नाव सुटले, की बरोबरीचे सहकारी पुढे जातात आणि एकजण मागे राहतो. हे नुकसान वेतनातील फरकापुरते नसते. सेनेत कोणत्या हुद्द्यावरील माणसाने किती वर्षे सेवा करावी, याची मर्यादा हुद्द्यागणिक वेगळी असते. वरचा हुद्दा वेळेवर न मिळालेला सैनिक कित्येकदा आपल्या बरोबरीच्यांच्या आधी घरी परततो. त्याचे निवृत्तिवेतनही त्याच कमी हुद्द्यावर ठरते. कार्यालयातील एका विस्मृतीची सावली अशा रीतीने त्याच्या वार्धक्यावरही पडते.

चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करावी, हे कोणीही मान्य करील. अडचण पुढे येते. ज्या दिवशी बढती मिळायला हवी होती तो दिवस मागे पडला आहे. त्या दिवशी तो सैनिक हवालदार म्हणूनच उभा होता, हवालदाराचेच काम करीत होता. आज आदेश काढून त्या दिवसापासून तो नायब सुभेदार होता असे लिहिणे म्हणजे घडलेल्या गोष्टीला न घडलेली ठरवणे नव्हे काय? प्रशासकीय मराठीने यासाठी एक अर्थपूर्ण शब्द घडवला आहे: ‘मानीव दिनांक’. मानीव म्हणजे मानलेला, प्रत्यक्षात नसूनही धरून चाललेला. कायद्याच्या व्यवहारात अशा मानण्याला स्थान आहे. पण नीतीच्या दृष्टीने ते असत्य ठरते की नाही, हे तपासून पाहिले पाहिजे.

येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. सैनिकाने त्या दिवशी कोणते काम केले ही घटना आहे; त्या दिवशी त्याला काय देय होते हा हक्क आहे. घटना बदलता येत नाही आणि मानीव दिनांक ती बदलतही नाही. तो एवढेच सांगतो की अमुक दिवशी हक्क उत्पन्न झाला होता आणि कार्यालयाने तो नोंदवला नाही. सावकाराने वसुलीची नोंद वहीत केली नाही म्हणून ऋणकोने पैसे दिलेच नव्हते असे होत नाही. उशिरा केलेली खरी नोंद ही खरीच नोंद असते. उलट चुकलेला दिनांक तसाच राहू देणे हेच असत्य होय, कारण तो दिनांक या माणसाची योग्यता तेव्हा सिद्ध झाली नव्हती अशी साक्ष कायम देत राहतो.

एवढे मान्य झाले तरी प्रशासन बहुधा अर्ध्यावर थांबते. दिनांक मागे नेला जातो, ज्येष्ठता दिली जाते, परंतु मधल्या काळाचे वेतन नाकारले जाते. वेतननिश्चिती ‘काल्पनिक’ ठरते. कारण सांगितले जाते ते असे की त्या हुद्द्याचे काम केले नाही, तर वेतन कसले? सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न वारंवार आला आहे. १९८९ साली पालुरू रामकृष्णय्या प्रकरणात न्यायालयाने मागील दिनांकाची ज्येष्ठता मान्य केली, पण थकबाकी दिली नाही. १९९१ साली के. व्ही. जानकीरामन प्रकरणात मात्र त्याने म्हटले की कर्मचारी काम करण्यास तयार असताना, त्याचा काही दोष नसताना, प्रशासनानेच त्याला त्या कामापासून दूर ठेवले असेल, तर ‘काम नाही तर वेतन नाही’ हा नियम लागू होत नाही. २०१५ साली रमेश कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात प्रत्यक्ष एका सैनिकाचाच प्रश्न होता. त्याला नायब सुभेदार पदावर १ जानेवारी २००० पासून बढती आणि १ ऑगस्ट १९९७ पासून ज्येष्ठता मिळाली होती. बढतीसाठी वेळेवर विचार न होण्यात दोष प्रशासनाचा असताना वरच्या हुद्द्याचे वेतन व भत्ते नाकारणे अन्यायाचे होईल, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वेळी थकबाकीचा निर्णय प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर अवलंबून राहील, असेही सांगितले.

या निर्णयांमागचा नैतिक विचार असा मांडता येईल. चूक घडली की तिचा भार कोणावर तरी पडतोच. तो नाहीसा करणे कोणाच्याच हाती नसते. दुरुस्ती म्हणजे तो भार ज्याने सोसला त्याच्या खांद्यावरून काढून ज्याने चूक केली त्याच्या खांद्यावर ठेवणे. दिनांक बदलून वेतन नाकारणारे कार्यालय आपली चूक कबूल करते, पण तिची किंमत सैनिकालाच भरायला लावते. शिवाय ‘तू काम केले नाहीस’ हे वाक्य त्याने उच्चारणे विशेष विपरीत आहे, कारण काम करू न देणारे तेच होते. स्वतःच्या चुकीचा स्वतःच पुरावा म्हणून उपयोग करणे, हे कोणत्याही नीतिविचारात बसत नाही.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्येष्ठतेची यादी ही रांग असते. एकाला पुढे आणले की दुसरा मागे सरकतो. आणि त्या दुसऱ्याने कोणाचेही काही हिरावून घेतलेले नसते. तोही वर्षानुवर्षे आपल्या क्रमावर विसंबून राहिलेला असतो. २००८ सालच्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात महत्त्वाचा विवेक केला. १९८३ साली अपंगत्वामुळे सेनेतून मुक्त झालेला हा सैनिक निवृत्तिवेतनासाठी १९९९ साली न्यायालयात आला होता. निवृत्तिवेतन न देणे ही दरमहा नव्याने घडणारी चूक असल्याने इतक्या उशिराही दाद मिळू शकते, मात्र थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच, असा निर्णय झाला. पण ज्येष्ठता किंवा बढतीचा जुना प्रश्न उकरल्याने इतरांचे स्थिर झालेले हक्क ढळणार असतील, तर विलंब घातक ठरतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. याचा अर्थ असा की काळ जसजसा जातो तसतशी राज्यसंस्थेची चूक निरपराध माणसांच्या आयुष्यांत मुरत जाते, आणि मग एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होण्याची भीती उभी राहते. म्हणून दुरुस्तीतील दिरंगाई हा पहिल्या चुकीहून गंभीर दोष मानला पाहिजे. पहिली चूक अनवधानाने झालेली असते. चूक दाखवून दिल्यानंतरच्या दिरंगाईला ती सबब उरत नाही.

नोंद न होण्याचे सर्वच प्रसंग एका जातीचे नसतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९४३ च्या मार्च महिन्यात कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवक दलातील काही प्रौढ नागरिक गोव्याच्या मार्मागोवा बंदरात गेले आणि पोर्तुगालच्या तटस्थ हद्दीत उभ्या असलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर त्यांनी छापा घातला. तटस्थतेचा भंग उघड होऊ नये म्हणून त्या कामगिरीची वाच्यता झाली नाही आणि जेम्स लीझर यांच्या १९७८ सालच्या पुस्तकानंतरच ती जगापुढे आली. तेथील मौन जाणूनबुजून पाळलेले होते आणि जाणाऱ्यांनाही त्याची कल्पना होती. गुप्ततेसाठी गौरवाचा त्याग करणारा माणूस त्या त्यागात सहभागी असतो. कारकुनी विस्मृतीने मागे राहिलेल्या सैनिकाने असा कोणताही त्याग पत्करलेला नसतो. सैनिकाने निरपेक्ष असावे, हा उपदेश त्याला करणे म्हणजे इतरांच्या निष्काळजीपणाला त्याच्या सद्गुणाचे नाव देणे होय.

आज अशा सैनिकाला दाद मागण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा सोपा आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. मुंबईप्रमाणे कोलकात्यातही त्याचे खंडपीठ आहे. तरीही अर्ज करणारा एकटा असतो आणि उत्तर देणारी संस्था प्रचंड असते. बालीगंजपासून फार दूर नसलेल्या फोर्ट विल्यमला आता ‘विजयदुर्ग’ हे कोकण किनाऱ्यावरील मराठी जलदुर्गाचे नाव मिळाले आहे आणि त्याच्या एका दरवाजाला शिवाजी महाराजांचे. शतकांच्या नोंदी राज्यसंस्था एका आदेशाने बदलू शकते, तर एका हवालदाराच्या तीन वर्षांसाठी त्याने न्यायालयाची पायरी का चढावी, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

दुरुस्त केलेला दिनांक सर्व काही परत देत नाही. त्या वर्षांत ज्या तुकडीचे नेतृत्व त्याने केले असते ती तुकडी परत येत नाही. आईवडिलांच्या डोळ्यांदेखत खांद्यावर चढायला हवे होते ते चिन्ह त्यांच्या पश्चात चढले, तर तो आनंद कोणत्याही थकबाकीत बसत नाही. म्हणूनच जे परत देता येते ते पूर्ण, विनाविलंब आणि मागायला न लावता द्यावे, एवढे कर्तव्य उरते. सैनिकाकडून राज्यसंस्था दिवस आणि घटका यांच्या बाबतीत अचूकपणाची अपेक्षा करते. रजेवरून एक दिवस उशिरा परतणाऱ्याला ती जाब विचारते. त्याच्या आयुष्यातील दिनांकांविषयी तोच अचूकपणा तिने स्वतःकडून मागितला, तर मानीव दिनांकाची गरजच क्वचित पडेल.