गोदामाईच्या पाण्यात आमचा रंग

वारकरी सज्जनहो, रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीची आणि नाथषष्ठी दुसऱ्याच दिवसाची. अंतरवाली सराटीकडून पैठणास निघालेले आम्ही कित्येकजण आदल्या दिवशीचा रंग अंगावर घेऊनच वाळवंटी पोहोचतो. आणि तो उतरवतो कोठे? गोदेत!

नाथांनी कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. मग त्याच नाथांच्या गावी मासोळ्यांना आम्ही काय पाजतो? मत्स्य तर देवाचा पहिला अवतार ना!

पूर्वी रंग पळसफुलांचा असे. १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज पोराला दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग गवसला, अन् पुढे कारखान्याचे रंग घरोघर आले. हे रंग लवकर कुजत नाहीत. पाणी रंगले की ऊन तळाशी पोहोचत नाही, पाणवनस्पतींकडून प्राणवायू सुटेनासा होतो, आणि मासळी बापडी गुदमरते. २०१७ साली तळोज्याकडे कासाडी नदीकाठची कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली.

कोणी म्हणेल, तो कारखान्याचा रंग, आमची तर मूठभर पुडी. खरे आहे. पण फाल्गुनात धरणाखाली धार बारीक, आणि आम्ही येतो लाखांनी! शिवाय पैठणचे पाणी पुढे शहागडाकडेच, म्हणजे आमच्याच दारी येते.

यंदा पळसफुले आदल्या रात्री भिजत घालू. ज्याला पुडीचाच रंग लागला असेल, त्याने घरीच न्हाऊन ते पाणी मातीत जिरवावे. षष्ठीस गोदेत उतरायचे ते कपाळी बुक्का लावून, स्वच्छ अंगाने.