शंभरपैकी 31

सुहास, बस खाली. माझं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड उघडू नकोस.

गेल्या वर्षी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118 होतं, आज 196. आणि वर मलाच ऐकवतोस, "सर, पण वजन उतरलं ना!" दहावीतही अवघड प्रश्न दिसला की तू तो सोडून पुढचा लिहायला घ्यायचास. ती खोड अजून गेलेली नाही.

तुझ्या आईनं मला सगळं सांगितलंय. सकाळी कॉफीत लोण्याचा गोळा, वर खोबरेल. दुपारी तुपात परतलेलं पनीर, रात्री चीज घातलेलं ऑम्लेट. भाकरी बंद, उसळ बंद, पेरूसुद्धा बंद! अरे, खोबरेलात 80 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. ती वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. उरलेलं रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून साचत जातं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तू खुशाल आहेस. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली आला, त्यात बरंचसं पाणीच होतं, हेही तुला कुणी सांगितलं नसेल.

कीटो आहार 1921 साली मायो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी सुचवला तो फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी. तू तो मोबाइलवरच्या कुणा पिळदार दंडाच्या पोराकडून घेतलास, ना रक्त तपासलंस, ना डॉक्टरांना विचारलंस. 2023 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी दहा आहारपद्धती हृदयाच्या निकषांवर तपासल्या. कीटोला शंभरपैकी 31. पस्तीससुद्धा नाहीत! पैकीच्या पैकी मिळाले डॅश आहाराला. त्यात असतं काय? भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, साय काढलेल्या दुधाचं दही, बेताचं मीठ. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, सगळं बसतं त्यात. लोणचं-पापड तेवढे ताटातून काढ. आई हे रोज रांधते आणि तू तिच्यासमोर ताट सरकवतोस. लाज वाटू दे.

पोट कमी करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. तिरडीला मी खांदा दिलाय. तू आता बेचाळिशीत आहेस. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्यानं असले प्रयोग करायचे?

उद्याच हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घे. काय काय खात होतास ते लोण्यासकट सांग, काही लपवू नकोस. त्यांनी गोळी लिहून दिली तर इंटरनेटवर शोधत न बसता ती घ्यायची. पुन्हा रक्त कधी तपासायचं तेही त्यांनाच विचार, आणि तो आकडा मला फोन करून कळव.