ओंजळीचे मोल

आर्थिक प्रगती आणि पर्यावरण यांचा समतोल साधला पाहिजे, हे वाक्य आता शाळेतील मुलेही निबंधात लिहितात. ते खोटे नाही. परंतु कोणी काय सोडायचे हे त्यात सांगितलेले नसते, म्हणूनच ते उच्चारणे इतके सोपे जाते. त्याची खरी कसोटी पाहायची असेल तर सावित्री नदीच्या काठी उभे राहावे.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे खाडी होऊन बाणकोटजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातील शेती डोंगरउताराची, पावसाच्या भरवशाची. पिढ्यान्पिढ्या येथील कितीतरी घरे मुंबईच्या पगारावर चालली. घरचा कर्ता गणपती-शिमग्यालाच गावी दिसे. महाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावाजवळ रोजगार मिळू लागला. बाप संध्याकाळी मुलांत परतू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. 'कारखाने बंद करा' असे म्हणणाऱ्याने त्या बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून ते म्हणावे.

परंतु या वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा मोठा आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे, सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. तरीही सावित्रीच्या दूषित पाण्याची तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. पाणी शुद्ध करण्यास वीज लागते, पैसा लागतो. तो खर्च जो टाळतो त्याच्या खातेवहीत नफा दिसतो. खाडीत जाळे टाकणाऱ्याची रिकामी टोपली मात्र कोणत्याही खातेवहीत दिसत नाही. शिवाय महाडच्या खाली भरतीचे पाणी नदीत वर चढते. त्यामुळे सोडलेली घाण मुकाट्याने समुद्रात निघून जात नाही.

तेव्हा प्रश्न केवळ माणूस विरुद्ध निसर्ग असा नाही. एकाच्या बचतीची किंमत दुसऱ्याने का भरावी, हा तो प्रश्न आहे. आणि आपण त्यातून सुटत नाही, कारण रसायनांवाचून आपली औषधे किंवा कापडाचे रंग तयार होत नाहीत. 'उत्पत्ती'च्या पुस्तकात परमेश्वराने माणसाला बागेची मशागत करण्यास आणि तिची राखण करण्यास ठेवले. ही दोन कामे त्याने दोघांत वाटून दिली नाहीत; एकाच माणसावर सोपवली.

पण एकट्या माणसाने, एकट्या घराने करायचे तरी काय? याचे उत्तर महाडच्याच इतिहासात आहे. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांसाठी खुले केले, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. तो लढा माणसाच्या समतेचा होता. त्याला दुसरे नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु एक धडा घेता येतो. त्या ओंजळींनी तळ्याची पातळी उतरली नाही; मात्र पाणी कोणाचे, हा प्रश्न पुन्हा कोणाला दडपता आला नाही. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकालही सत्याग्रहींच्याच बाजूने लागला. मिळवलेला हक्क उद्या दूषित पाण्यापाशी येऊन थांबला, तर तो कोणाच्या कामाचा?

आपल्या कापडी पिशवीने सावित्री स्वच्छ होणार नाही. ते काम कायद्याच्या अंमलबजावणीचे आहे. मग पिशवीचा उपयोग काय? स्वतःच्या सोयीची किंमत कोण भरतो हे ज्या घरात कधी विचारले जात नाही, त्या घरातील माणूस ग्रामसभेत उठून सांडपाण्याचा हिशेब मागणार नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पाणी, कचरा, वीज यांविषयीच्या लहान सवयींना महत्त्व दिले, ते म्हणूनच.

थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. धर्मग्रामाच्या सणाला स्टीलची ताटे घासण्याचे श्रम वाटून घ्यावे लागतात; पत्रावळी घेतल्या तर त्या लावणाऱ्या बाईच्या हाती चार पैसे पडतात. डोंगरावरील झाडे ठेकेदाराला उभी विकण्याचा निर्णय याहून कठीण. महाड तालुक्यातील तळिये गावात २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. झाडे असती तर प्रत्येक दरड थांबली असती, असे नव्हे. अतिवृष्टी आपल्या हाती नाही. उतारावरील मुळे काही अंशी आहेत. पण आजारपणासाठी झाडे विकणाऱ्याला उपदेश करण्याआधी शेजाऱ्यांनी त्याच्या औषधाचा भार उचलावा. नाहीतर निसर्गरक्षणाचा सारा खर्च आपण पुन्हा गरिबाच्याच माथी मारू.

येत्या सणाची यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत आपण लिहूच. त्याच कागदावर आणखी एक रकाना आखावा: आपण न दिलेली किंमत कोण देणार आहे?