वाणसामानाची यादी आणि हक्कांचा हिशोब

पगार हाती पडला की घराघरांत एक यादी लिहिली जाते. तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण. दर महिन्याला यादी बहुधा तीच असते. प्रश्न असतो तो हे सामान आणायचे कोठून, हा. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानातून, मोठ्या मॉलमधून, आठवडे बाजारातून की मोबाईलवरील ॲपमधून? मर्यादित उत्पन्नाचे कुटुंब या प्रश्नाला साहजिकच एक कसोटी लावते : जेथे चार पैसे वाचतील तेथून. ही कसोटी चुकीची नाही. परंतु ती पुरेशी आहे काय, याचा विचार श्रद्धावंताने अवश्य केला पाहिजे. ज्या दिव्य कुरआनात मापात खोट करणाऱ्यांच्या नावानेच एक सूरह (अल्-मुतफ्फिफीन) आहे, त्या कुरआनाच्या अनुयायासाठी बाजार हा धर्माच्या सीमेबाहेरचा प्रदेश असू शकत नाही.

प्रथम काटकसरीविषयी. कमी किमतीत सामान मिळवण्यासाठी चार दुकाने पालथी घालणाऱ्या गृहिणीला काही लोक कंजूष म्हणून हिणवतात. हे अन्यायाचे आहे. सूरह अल्-फुरकानमध्ये (२५:६७) परम दयाळू अल्लाहच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळपट्टीही करीत नाहीत आणि कद्रूपणाही करीत नाहीत, तर या दोहोंमधील समतोल राखतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पत्नीला पतीच्या घराची व मुलाबाळांची रक्षक म्हटले आहे आणि आपल्या रक्षणाखालील गोष्टींचा जाब तिला द्यावा लागेल, असेही बजावले आहे. पतीलाही त्याच्या कुटुंबाविषयी तसाच जाब द्यावा लागणार आहे. तेव्हा डाळीत वाचवलेले पन्नास रुपये जर मुलीच्या शाळेच्या फीमध्ये जात असतील, तर ती बचत म्हणजे एका अमानतीचे रक्षण आहे.

शिवाय, स्वस्त मिळेल तेथे जाण्याचा हक्क ग्राहकाला शरीअतने दिलेला आहे. मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषितांकडे (स.) भाव ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. भाव वरखाली करणारा अल्लाह आहे आणि कोणाच्याही जिवावरील वा मालावरील अन्यायाचा दावा आपल्यावर नसताना आपल्या पालनकर्त्याला भेटावे, अशी आपली इच्छा असल्याचे त्यांनी सांगितले. यातून दोन्ही बाजू स्पष्ट होतात. विक्रेत्यावर बळजबरीने भाव लादायचा नाही आणि ग्राहकालाही एकाच दाराशी बांधून ठेवायचे नाही.

मात्र बचत करायची तर ती खरी बचत असली पाहिजे. समजा, चार हजारांच्या यादीवर मॉलमध्ये तीनशे रुपये वाचतात. जाण्यायेण्याच्या रिक्षेला ऐंशी रुपये गेले आणि 'एकावर एक मोफत' पाहून यादीत नसलेल्या अडीचशे रुपयांच्या वस्तू पिशवीत आल्या. घरी पोहोचेपर्यंत तीनशे वाचवण्यासाठी तीनशे तीस खर्च झालेले असतात. पाकिटबंद मालावर आता कमाल किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला असतो. तो वाचण्याची सवय मुलांनाही लावावी, म्हणजे मोठ्या अक्षरांतील सवलतीला ती भुलणार नाहीत.

येथे गरिबाची एक वेगळी अडचण आहे. ज्याच्या हाती एकदम पैसा नाही, तो चहापत्ती दहा रुपयांच्या पुडीने घेतो आणि किलोच्या हिशोबाने बहुधा श्रीमंतापेक्षा जास्त किंमत मोजतो. ज्याला शक्य आहे तो उन्हाळ्यात वर्षाचा गहू, तांदूळ आणि लाल मिरची भरून ठेवतो. अशी घरची बेगमी म्हणजे साठेबाजी नव्हे. प्रेषितांनी (स.) स्वतः आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न राखून ठेवल्याचे हजरत उमर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. निषिद्ध आहे ती लोकांची अडवणूक करून भाव चढवणारी साठवण. मग ज्याला एकट्याने हे शक्य नाही त्याने काय करावे? चार शेजाऱ्यांनी मिळून एक पोते घ्यावे आणि वाटून घ्यावे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची हीच रीत रुजवली. आपल्या मोहल्ल्यांत ती का रुजू नये?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खाते असते. महिन्याच्या वीस तारखेनंतर हात आखडतो, तेव्हा मुलगा जाऊन सांगतो, "अब्बांनी लिहून ठेवायला सांगितले आहे," आणि दुकानदार वहीत लिहून सामान देतो. तो व्याज लावत नाही, तारण मागत नाही. घरात आजारपण आले, काम सुटले, तरी दोन महिने तो थांबतो. मग पगार होतो. रोख रक्कम हाती येते आणि त्याच दुकानासमोरून आपण पिशव्या घेऊन मॉलकडे जातो, कारण तेथे स्वस्त मिळते. वहीतले आकडे तसेच राहतात. "पुढच्या महिन्यात देऊ" हा निरोपही त्याच मुलाच्या तोंडून जातो.

वाचकहो, या वागणुकीला कोणते नाव द्यावे? प्रेषितांनी (स.) ते नाव देऊन ठेवले आहे. ऐपत असूनही देणे लांबणीवर टाकणे हा जुलूम आहे, असे त्यांनी सांगितले असून ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पगाराच्या दिवशी आपल्या खिशातील जी रक्कम वहीत लिहिलेली आहे, ती आपली राहिलेलीच नसते. ती दुकानदाराची असून फक्त आपल्या खिशात आहे. त्या पैशाने मॉलमध्ये मिळवलेली सवलत दुसऱ्याच्या मालावर मिळवलेली असते. कर्जाची बाब किती गंभीर आहे हे यावरून ओळखावे की, एका मृत सहाबींवर कर्ज होते आणि ते फेडण्यापुरते मागे काही नव्हते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची जनाजाची नमाज स्वतः पढवण्यास नकार दिला. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. किराणा दुकानाची वही हीदेखील कर्जाचीच वही आहे.

म्हणून पहिला नियम असा : आधी खाते, मग खरेदी. ज्याची खरोखरच ऐपत नाही त्याची गोष्ट वेगळी. त्याच्याविषयी सूरह अल्-बकरात (२:२८०) देणेकऱ्याची परिस्थिती सुधारेपर्यंत सवलत देण्याचा आदेश आहे आणि देणे माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. पण ही सवलत नडलेल्यासाठी आहे. रोख पैसे घेऊन दुसऱ्या दुकानी जाणारा स्वतःला नडलेला म्हणवून घेऊ शकत नाही. त्याच सूरहमधील देणेघेणे लिहून ठेवण्याची आयत (२:२८२) ही संपूर्ण कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा नोंद दुकानदाराच्या वहीत असावी तशी आपल्या घरीही असावी. यामुळे वाद टळतात आणि संबंध टिकतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. "दुकानदार काही उपकार करीत नाही. तो दोन रुपये जास्त लावतो. उधारीची किंमत तो भावातच वसूल करतो." हे काही ठिकाणी खरे असेल. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असणे बहुसंख्य फुकहांनी वैध मानले आहे, मात्र सौदा होताना एकच भाव नक्की झालेला असावा. देण्यास उशीर झाला म्हणून नंतर वाढवलेली रक्कम हे व्याज आहे आणि ते हराम आहे. म्हणजे दुकानदाराने भाव थोडा चढा लावला, आपण तो जाणून स्वीकारला, तर व्यवहार झाला. त्याचा भाव जास्त होता, हे ठरलेले देणे वेळेवर न देण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट ज्यांना कोपऱ्यावरची उधारी कमीपणाची वाटते, त्यांनी मोबाईलवरील 'आता घ्या, नंतर पैसे द्या' या योजनांच्या अटी नीट वाचाव्यात. उशीर झाल्यावर वाढत जाणारे शुल्क तेथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

खाते चुकते झाले. आता पुढचे सामान त्याच दुकानातून घेणे बंधनकारक आहे काय? नाही. न्यायाने आपण मोकळे झालो. परंतु कुरआन न्यायाबरोबर एहसानचाही, म्हणजे भलाईचाही, आदेश देतो आणि भलाईचा मोबदला भलाईच असावा, ही त्याची शिकवण आहे. जो माणूस आपल्या अडीनडीला उभा राहिला, त्याच्याकडे आपण फक्त अडीनडीलाच जायचे आणि सुखाचे दिवस दुसऱ्याला द्यायचे, हे शोभणारे नाही. असे सर्वांनी केले तर त्याच्याकडे केवळ उधारीची गिऱ्हाइके उरतील आणि एक दिवस दुकान बंद होईल. त्या दिवशी सर्वाधिक नुकसान त्या विधवेचे होईल, जिला मॉल पाव किलो साखरही लिहून देणार नाही.

याचा अर्थ पदरमोड करून दुकान जगवावे असा नाही. यादीचे दोन भाग करता येतात. तेलाचा डबा, तांदूळ, साबण यांसारख्या ज्या वस्तूंत खरोखर मोठा फरक पडतो, त्या स्वस्त मिळतील तेथून घ्याव्यात. रोजच्या लागणाऱ्या, चार-दोन रुपयांचाच फरक असलेल्या वस्तू शेजारच्या दुकानातून आणि रोखीने घ्याव्यात. दुकानदाराशी मोकळेपणाने बोलावे. महिन्याची यादी एकदम आणि रोख दिली, तर भाव कमी करण्यास बरेच दुकानदार तयार असतात.

आपल्या एका सवयीचाही येथे विचार व्हावा. मॉलमध्ये छापील किंमत आपण निमूटपणे देतो आणि रस्त्यावर मेथीची जुडी विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशींशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. घासाघीस निषिद्ध नाही. प्रेषितांनी (स.) हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाचा भाव करूनच सौदा केला होता. पण मदीनेला पोहोचल्यावर त्यांनी किंमतही दिली आणि उंटही परत केला. आपण या घटनेचा पूर्वार्ध आचरतो आणि उत्तरार्ध विसरतो. विकताना, विकत घेताना आणि आपले देणे मागताना जो मवाळपणे वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची प्रार्थना केली आहे. बलवानापुढे गप्प आणि दुबळ्यापुढे काटेकोर राहणाऱ्याला या प्रार्थनेत आपला वाटा कसा मागता येईल?

दुकान निवडताना विक्रेत्याचा धर्म पाहावा काय, असाही प्रश्न हल्ली दोन्ही बाजूंनी विचारला जातो. याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) घरातून मिळते. त्यांनी एका यहुदी व्यापाऱ्याकडून आपल्या घरासाठी उधारीवर जव घेतले होते आणि त्यापोटी आपले चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले होते. शहरात मुस्लिम व्यापारी होते, तरीही हा व्यवहार झाला. पाहायचा आहे तो माल हलाल आहे की नाही आणि माणूस सचोटीचा आहे की नाही, हे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड करणारे आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नव्हे, असे सांगणारे प्रेषित (स.) मुस्लिम व्यापाऱ्यालाही सवलत देत नाहीत. मापात पाप करणारा दुकानदार आपला आहे म्हणून त्याला धरून राहणे ही निष्ठा नव्हे, ते पापाला साहाय्य आहे.

स्वस्ताईचा एक प्रकार मात्र पूर्णपणे टाळला पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांनी ते निःसंकोचपणे घ्यावे, त्यात लाज नाही. पण हेच धान्य काळ्या बाजारात आले आहे असे ठाऊक असताना ते कमी भावात घेणे म्हणजे कोणा उपाशी घराचा घास आपल्या ताटात वाढून घेणे होय. असे अन्न स्वस्त असेल. त्यात बरकत कशी असेल?

तेव्हा पुढच्या महिन्याची यादी लिहाल, त्या कागदाच्या वरच्या बाजूला एक ओळ मोकळी ठेवा आणि तेथे प्रथम लिहा : कोणाचे किती देणे आहे. ती ओळ पुसली गेली की खालची यादी घेऊन जेथे परवडेल तेथे जा; शरीअतने तो रस्ता आपल्यासाठी मोकळा ठेवला आहे. कियामतच्या दिवशी माल कोठून कमावला आणि कोठे खर्च केला, हे दोन्ही विचारले जाणार आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या वाणसामानाच्या यादीचाही समावेश असेल.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल रिज्क, समतोल खर्च आणि दुसऱ्याचा हक्क वेळेवर देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.